बाहेरून लावलेली कडी

त्या बाईची मनगटं आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत चोर, दरोडेखोर, खुनी सगळे पाहिले, पण एवढा संताप कुठल्या सराईत गुन्हेगाराचाही आला नाही.

घनसावंगी तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच दवाखान्यातल्या नर्सबाईंचा फोन आला. "साहेब, एक बाई आणलीय. घरचे म्हणतेत बाजेवरून पडली. पडलेल्या बाईची दोन्ही मनगटं कशी काय कापतील? दंडावर बोटांचे वळ हायत."

बाई पंचविशीची. नवरा ट्रॅक्टर उलटून आदल्याच दिवशी गेलेला. ती ब्लाऊज शिवायची, त्यात तिचा हात गावात नावाजलेला. आता उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. दवाखान्यात जाऊन मी विचारलं, तर शेजारी बसलेल्या सासूकडे बघून म्हणाली, "पडले."

जबाबासाठी बायकांना ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून महिला शिपायाला घेऊन गावात गेलो. घरातल्या, शेजारच्या बायकांना वेगवेगळं विचारलं. सगळ्यांचं एकच, "बाजेवरून पडली." खरं बोलणाऱ्यांच्या सांगण्यात थोडा तरी फरक असतो. इथं शब्दाला शब्द जुळत होता. आणि अंगणाच्या कोपऱ्यात झाडून लोटलेल्या हिरव्या काचा पडल्या होत्या.

सासरा पुढं आला. "साहेब, हे बायकांचं हाय. रीत हाय ती. पुरुषांनी कशाला पडायचं त्यात?" सुनेला शिलाई मशीन घेऊन देणारा, गावभर तिचं कौतुक सांगणारा तो हाच माणूस!

नव्या विधवेच्या बांगड्या जुन्या विधवेनंच फोडायच्या, ही त्या गावची रीत. या घरात ते काम चुलतसासूचं. तिला बाजूला बसवून मी एवढंच विचारलं, "मावशी, तुमच्या बांगड्या कोणी फोडल्या होत्या?"

 म्हातारी पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. "माझ्या जावंनं. मी लई वरडले होते, साहेब. ती मेली, मंग हे माझ्याकडं आलं. पोरगी म्हणली, नका फोडू, मी फोडू देणार न्हाई. तिच्या सासूनं अन् आणखी एकीनं दंड धरले. मी दगड घातला. काच आत गेली."

"पळाली का नाही ती?"

"पळाय गेल्ती. बाहेरून कडी होती. तिच्या सासऱ्यानं लावल्ती."

बायकांचं म्हणे! मी त्याच्याकडे वळलो तेव्हा माझा हात शिवशिवत होता. कसाबसा आवरला. तो मान खाली घालून म्हणाला, "लोक काय म्हणले असते, साहेब?" अरे, लेकीसारखी सून आत किंचाळतेय आणि तुला लोकांची पडलीय?

सासूला बाहेर पाठवून दवाखान्यात मुलीचा जबाब पुन्हा घेतला. ती म्हणाली, "सगळ्या रडत होत्या, साहेब. रडत रडतच धरलं मला."

गुन्हा सगळ्यांवर दाखल केला, सासऱ्यासह. पुढाऱ्यांचे फोन आले, "रीतीभातीत पोलीस कशाला?" सगळ्यांना एकच उत्तर दिलं, कोर्टात बोला.

गुन्हेगार शोधायचा तर वाईट माणूस शोधायचा, अशी आमची सवय. त्या घरात वाईट माणूस सापडला नाही, याचीच मला जास्त चीड आली. सासू, सासरा, चुलतसासू, ज्याला जे काम नेमून दिलं होतं ते त्यानं केलं. 'मी नाही करणार' एवढं म्हणायला एकही जण निघू नये?

मुलीची बोटं हळूहळू वळायला लागली. शिवण सावकाश होते, पण होते. परवा तिचा फोन आला. गावात एक जण वारला होता.

"चुलतसासूबाईंना बोलवायला माणसं आल्ती, साहेब. त्यांनी आतून कडी लावून घेतली. किती ठोकलं, उघडलंच न्हाई."

"आणि त्याच्या बायकोच्या बांगड्या?"

"हातात हायत. काल माझ्याकडं ब्लाऊज टाकून गेली."