अण्णांची लाकडी अंडी

माझे सासरे अण्णा जेवायला बसले की बंडीच्या खिशातून दोन लाकडी अंडी काढून ताटाशेजारी ठेवत. मांडी घालताना ती टोचत म्हणे. लग्न होऊन मी बडोद्याला आले तेव्हा हा प्रकार पहिल्यांदा पाहिला, आणि अंड्यांना चिकटलेलं पीस आमटीत पडेल या धास्तीने मी वाढायचीच थांबले. "घाबरतेस काय, लाकूड आहे. सुताराकडून घडवून घेतलंय," असं म्हणून त्यांनी भात कालवायला घेतला.

रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेला हा माणूस पाणीगेटजवळच्या आमच्या घराच्या गच्चीवर गिरेबाज कबुतरं पाळायचा. ही कबुतरं उंच जातात आणि मागच्या मागे कोलांट्या खात खाली येतात. चांगलं पाखरू वेळेवर सावरतं. वाईटाला थांबताच येत नाही, ते सरळ कुणाच्या तरी छपरावर आपटून मरतं. आणि कुठलं कसं निघेल हे पिल्लू असताना काही कळत नाही. म्हणून नव्या जोडीसाठी अण्णांचा कायदा होता. पिल्लांच्या दोन खेपा घ्यायच्या, ती पिल्लं वर्षभर उडवून बघायची, मगच तिसऱ्या खेपेची गोष्ट. तोवर मादीने घातलेली अंडी उचलायची आणि तिच्याखाली लाकडाची सारायची.

एकदा त्यांचे दोस्त रहीमभाई गच्चीवर आले होते. राखी रंगाची एक जोडी त्यांनीच दिलेली, तिची पिल्लं पाहून ते हरखून गेले आणि आणखी दोन-तीन खेपा घ्याच म्हणून मागे लागले. अण्णा म्हणाले, "दिसायचं काय घेऊन बसलात. उडेपर्यंत सगळीच सरस."

मला चीड होती ती त्या लाकडी अंड्यांची. ती मादी बिचारी दिवसचे दिवस लाकूड उबवत बसायची. मी एकदा तोंडावर विचारलंच, "अण्णा, मुक्या जिवाला फसवायला काही वाटत नाही तुम्हाला?"

"नुसती उचलली तर थोड्या दिवसांत पुन्हा घालते ती. झिजून जाते. यांच्यावर बसली म्हणजे तेवढा आराम. तुला नाही कळायचं, जवा दे, सोड."

मला नाही कळायचं! दोन बाळंतपणं माझी झाली होती, त्यांची नव्हे. दुसऱ्या मुलीच्या वेळी तर मी मरता मरता वाचले. डॉक्टरीणबाईंनी ह्यांना समोर बसवून सांगितलं होतं, की अंगात रक्त नाही, इतक्यात पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल. ह्यांनी मान डोलावली होती.

धाकटी रांगायला लागली आणि गावातल्याच मांडवीहून अक्का आल्या. अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. सासूबाई नसल्याने आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. हिंचक्यावर बसून, पायाने झोका घेत त्या म्हणाल्या, "दोन मुली झाल्या, बरं झालं. आता पुढच्या दिवाळीपर्यंत मुलगा होऊन जाऊ दे." मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. ते वर्तमानपत्र मी आजही त्यांना माफ केलेलं नाही.

तेवढ्यात अण्णा गच्चीवरून उतरले. हाताला बाजरीचा कोंडा तसाच. ते म्हणाले, "अक्का, नव्या जोडीला दोन खेपा. पोरी अजून रांगतायत. त्यांना उडू दे, मग बघू."

माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या. अक्कांनी झोका थांबवला. "ही काय कबुतर आहे?" आयुष्यात एकदाच मला अक्कांचं म्हणणं पटलं, ते त्या वेळी.

अण्णांनी खिशातून एक लाकडी अंडं काढलं आणि अक्कांच्या हातावर ठेवलं. "तुला फारच घाई असेल तर हे उबव."

अक्का तशाच उठल्या, मूठ आवळलेली, आणि चहा न घेता रिक्षात बसून गेल्या. तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

मी अण्णांशी बोलणं टाकलं. सुनेबद्दल सासरा चारचौघांत खेपा म्हणतो? शेवटी एक दिवस न राहवून गच्चीवर गेले आणि सुनावलं, "अण्णा, मी माणूस आहे."

"ते मला ठाऊक आहे," ते दाणे टाकता टाकता म्हणाले. "पण माणूस म्हणून तुझी बाजू घेतली असती, तर अक्काने ऐकलं असतं?"

मी जास्तच चिडले. अजूनही चिडते. डॉक्टरीणबाईंच्या शब्दाला किंमत नव्हती, माझ्या पांढऱ्याफटक तोंडाकडे कुणी बघत नव्हतं, आणि कबुतराचा कायदा सांगितल्यावर मात्र सगळं घर गप्प झालं. मी वाचले ती अशी.

मुली कॉलेजात असताना अण्णा गेले. कबुतरं रहीमभाई घेऊन गेले. तेराव्याला अक्का आल्या, पार वाकलेल्या, काठी टेकत. जेवणं झाल्यावर त्यांनी मला हिंचक्याजवळ बोलावलं आणि पिशवीतून ते लाकडी अंडं काढून माझ्या हातात दिलं. रंग पार गेला होता. हातात फिरून फिरून ते गुळगुळीत झालं होतं.

"त्याचं माझ्याकडे राहून गेलं होतं."

"परत करायची एवढी काय घाई होती, अक्का?" माझा जुना राग काही गेला नव्हता.

अक्का कडीला धरून हिंचक्यावर टेकल्या. मग म्हणाल्या, "नऊ बाळंतपणं झाली माझी. चार जगली. आमच्या घरात कुणी कबुतरं पाळत नव्हतं गं."