मोरिओने केलेली स्वच्छता

जपानमधल्या कोकुराच्या बाजारात चिझुरु कुसाबा भाताच्या कोंड्यात मुरवलेल्या भाज्या विकते. पिंपातला कोंडा तिच्या सासूच्या वेळचा. रोज हाताने खालीवर करून त्यातले जंतू जिवंत ठेवलेले.

पंचेचाळिशीत तिचं शरीर तिच्याच आतड्यावर उलटलं. दिवसातून पंधरा वेळा संडास आणि रक्त. स्टिरॉइड कमी केलं की दाह उसळायचा. सर्जन मोठं आतडं काढायला सांगत होते. त्याआधी एकच उपाय उरला होता: धडधाकट माणसाच्या विष्ठेतले जंतू तिच्या आतड्यात सोडायचे. इस्पितळात त्याच्या चाचण्या चालू होत्या. दाता म्हणून धाकटा भाऊ मोरिओ तयार झाला. तो बस चालवतो.

"अलीकडे काही औषध घेतलंत?" डॉ. मित्सुयासुबाईंनी त्याला विचारलं.

"घेतलं की. दाढ काढली तेव्हाच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्या होत्या, त्या काल संपवल्या. ताईला द्यायचं म्हणजे जरा स्वच्छ नको?"

शेजारणीला दोन संत्री द्यायची तरी पुसून, कागदात बांधून देणारी ही माणसं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. जे जंतू द्यायचे, तेच त्याने मारले होते. आता तीन महिने थांबणं आलं.

"कोंड्यात कधी उकळतं पाणी ओततात का रे, गाढवा?" बाहेर आल्यावर चिझुरु म्हणाली.

"मला वाटलं..."

"वाटलं म्हणे. जन्मात एकदा घाण मागितली, तर हा घासूनपुसून आला."

"तीन महिने निघतील ना, ताई?"

सर्जनने ऑपरेशनसाठी नोव्हेंबरची तारीख राखून ठेवली.

रोज संध्याकाळी ती फोन करायची.

"काय खाल्लंस?"

"बार्ली, मिसोचं सूप, तुझा कोंड्यातला मुळा. डोकं दुखतंय, पण गोळी नाही घेतली."

"ती चालते रे, विचारलंय मी."

मध्ये एकदा स्टिरॉइड वाढवावं लागलं, पण तीन महिने निघाले. ऑक्टोबरमध्ये तीन वेळा जंतू सोडले. नोव्हेंबरची तारीख पुढे ढकलली. आठ आठवड्यांनी दुर्बिणीतून पाहिलं, तर रक्त थांबलं होतं, व्रण आक्रसले होते.

"दाह उतरलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "संपला असं म्हणणार नाही. काहींचा परत येतो."

"आणि आतडं?"

"राहू दे तुमच्याकडेच."

ऑपरेशन रद्द करायचा फोन चिझुरुने स्वतः केला. मग मोरिओला.

"आपल्याकडे भेट आली की निम्म्या किमतीची परतभेट द्यावी लागते," ती म्हणाली. "तूच सांग, हिची किंमत किती धरू?"