टपालला दिसलेली दगडाची बाई

आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याला सगळे टपाल म्हणतात. पस्तीस वर्षं त्यानं याच भागात पत्रं वाटली. हल्ली तो विसरतो. चहा पिऊन झाल्यावर पुन्हा चहा मागतो, सुनेला बहिणीच्या नावानं हाक मारतो. एकदा सकाळी गेला तो तीन तासांनी परत आला आणि सांगू लागला, दगडाची बाई पाहिली, घराएवढी, कुशीवर निजलेली, कान जमिनीला लावलेला.

मुलानं त्याला स्कूटरवर बसवून दोनदा सगळा भाग पालथा घातला. बाई काही सापडली नाही. मग घरात ठरलं, बाबांनी एकट्यानं बाहेर पडायचं नाही. टपाल भांडला नाही, नुसता खिडकीत बसू लागला. ते मला बघवेना. खरं सांगायचं तर माझाही त्या बाईवर विश्वास नव्हता.

पण टपाल कुठलाही पत्ता मधूनच कधी सांगत नसे. पोस्टाच्या पायरीपासून वाटपाच्या क्रमानं घरं मोजत यायचा, तेव्हा कुठे त्याला हवं ते दार सापडायचं. हे आठवलं, तसं मी चाचरत मुलाला म्हटलं, एकदा तिथपासून चालत जाऊन पाहू या. पोस्ट आमच्या घरासमोरच.

"काका, आता तुम्हीही?" तो म्हणाला. पण आला.

पायरीवर टपालनं खांद्यावरची नसलेली पिशवी सारखी केली आणि निघाला. शिंपी, दातांचा डॉक्टर, तिघी बहिणींचं घर. प्रत्येक दाराशी क्षणभर थांबायचा. मुलगा कंटाळला, इथून सरळच जाऊ म्हणाला.

"मधली घरं गाळली तर माणसं वाट बघत बसतात," टपाल म्हणाला.

ऊन मऊ होतं. आपण चालत नसून गल्ल्याच हळूहळू मागे सरकताहेत, असं मला वाटू लागलं.

शेवटचं दार लोहाराचं, स्कूटर शिरणार नाही अशा बोळात. त्यापुढे बंद कारखान्याची उंच भिंत असायची. ती आता पाडलेली होती, आणि मागच्या मोकळ्या जागेत, कमरेएवढ्या गवतात, ती निजली होती. काळा दगड. टेकडीसारखा खांदा. उघड्या तळहातात पाणी साचलेलं, त्यात एक ढग. कुणी घडवली, कधी, कसलीच पाटी नव्हती. तिचा श्वास ऐकू येतो का म्हणून मी थांबलो होतो, हे सांगायला लाज वाटते.

"रोज भिंतीपर्यंत येऊन परत फिरायचो," टपाल म्हणाला. "हिला कधी पत्रच आलं नाही."

मुलानं त्या खांद्याला हात लावून पाहिला. मग वडिलांकडे न बघताच म्हणाला, "बाबा, उद्यापासून जात जा तुम्ही. पण पोस्टापासूनच निघायचं."

"दुसरीकडून कुणी निघतं का?" टपाल म्हणाला.