विहिरीजवळचा माड

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. यांच्याजवळही नाही. लिहायला बसले तरी हसूच येतंय — आणि आपल्याच पापाचं असं हसू यावं का हो?

नवे पैसे यायच्या आधीची गोष्ट. आम्ही बंगळूरजवळ येलहंक्याला राहायचो. तिकडे नागपट्टणला समुद्राचं मोठं वादळ झालं. माडांची बाग आडवी झाली आणि यांच्या थोरल्या बहिणीच्या, अक्कांच्या घराचं छप्पर उडालं. विधवा, एकट्या बाई — एक ट्रंक घेऊन आमच्याकडे आल्या. आतल्या लुगड्यांना खाऱ्या चिखलाचा वास होता.

वाटलं, आता रोज रडारड. कसली रडारड! दुसऱ्याच दिवशी अक्कांनी खडूने जमिनीवर चौकाबाऱ्याचा पट आखला. मी चारचौघांत तोंड न उघडणारी — दात दाखवून हसायला लागले. कवड्या टाकताना लबाडीही करायला लागले. पण ती टिकायची नाही. “कान बघ तुझे! लाल मिरच्या झाल्यात!” अक्का ओरडायच्या.

एकच गोष्ट त्यांच्या मनाला लागून होती. विहिरीजवळचा माड, नवऱ्याने लावलेला. तो राहिला की गेला? “तो उभा असला ना, तर मी जाईन गं. छप्पर काय, झावळ्यांचंही चालेल.”

एका दुपारी त्यांच्या शेजाऱ्यांचं पत्र आलं. घरात आम्ही दोघीच. अक्कांना वाचता येत नव्हतं, माझी चौथी झालेली. पत्रात होतं — छप्पर घातलंय, विहिरीजवळचा माड उभा आहे, नवी झावळी फुटलीय, या.

मी वाचलं — माड पडला.

का? त्या गेल्या असत्या म्हणून. दुसरं काही नाही.

अक्कांनी पदराने डोळे पुसले. मग माझ्याकडे पाहिलं — की माझ्या कानांकडे? “सरी, बरं. राहते मग स्वल्प दिवस.”

पत्र मी चुलीत घातलं. स्वल्प म्हणता म्हणता त्या वर्षभर राहिल्या. इतकी मी ना आधी हसले, ना नंतर. पण कधी कधी पाणी काढताना त्या रहाटाचा दोर धरून नुसत्या उभ्या राहायच्या. मला दिसायचं. तरी बोलले नाही.

पुढे त्या घर बघायला गेल्या आणि तिकडेच राहिल्या. महिन्याभराने तिकडचे एक गृहस्थ नारळांचं पोतं घेऊन आले. “अक्कांचा निरोप आहे, पडलेल्या माडाचे नारळ आहेत, भावजयीच्याच हातात द्या.”

“पडलेल्या माडाला नारळ? अक्का पण ना!” हे हसले. मी आत पळाले. कान भाजत होते.

त्या नारळांच्या वड्या केल्या. यांनी एका बैठकीत सहा खाल्ल्या.

तो माड वादळाने पाडला नव्हता. मी पाडला होता.