मामाजींची उसण

निरगुडीचा पाला गरम झाल्याचा वास आला, की मला माझ्या लग्नानंतरचा पहिला हिवाळा आठवतो. धामणगाव बढेतल्या आमच्या अंगणात कापसाचं गाठोडं उचलताना मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, कंबरेत उसण भरली आणि ते वाकले ते वाकलेलेच राहिले. गावठी इलाजाचं नाव काढलं की ते चिडत. पण मोताळ्याच्या डॉक्टरांची गोळी झाली, इंजेक्शन झालं, सासूबाईंनी बळंच निरगुडीचा शेकही दिला, तरी मामाजी जमिनीकडे बघूनच बोलत होते. मग सासूबाईंना आठवलं, की मी पायाळू, जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. पायाळू माणसानं कंबरेवर लाथ मारली की उसण जाते, असं आमच्याकडे म्हणतात. "आता सुनेची लाथ खाऊ काय मी?" मामाजी गरजले आणि त्या गरजण्यानंच कळवळले. "खा न मंग! गोळ्या बी त खाल्ल्याच," सासूबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं भिंतीकडे तोंड करून मामाजी पुटपुटले, "दाराची कडी लावा." मी आधी त्यांच्या पाया पडले, मग डोळे मिटून हळूच पाय लावला. "जेवली नाई काय पोरी? माशी बसल्यावानी वाटलं मले!" मग मात्र मी मारली, आणि घाबरून पुन्हा पाया पडले. मामाजी सरळ उभे! संध्याकाळी पारावर सांगून आले, "इंजेक्शन लागू पडलं." अजूनही उसण भरली की ते आधी गोळी घेतात, मग शेक घेतात, आणि मग वाकलेलेच जाऊन दाराची कडी लावतात.