बोलत्या कड्यासमोर आई

आधीच सांगते, मी अशातली नाही. पेणमध्ये एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर रक्ताच्या बाटल्या, स्लाइड्स आणि रिपोर्ट. जे मशीनला दिसतं ते आहे, जे दिसत नाही ते नाही, असा सरळ हिशोब. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी डबा खाता खाता वाचायचे आणि शेजारच्या मैत्रिणीला वाचून दाखवून हसायचे. आज स्वतःच लिहायला बसलेय... तर ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं.

बाबांपासून सुरुवात करते.

हमरापूरला आमचा गणपतींचा कारखाना आहे. बाबा डोळ्यांची आखणी करायचे. आई रंगकामाला. उन्हाळ्यापासून गणपतीपर्यंत घरात कुणाला कुणाशी बोलायला फुरसत नसायची. पण एकदा गणपती गेले, कारखाना रिकामा झाला, की बाबा डोंगरात पळायचे. त्यांना ट्रेकिंग वगैरे शब्द माहीत नव्हते. "जरा रानात जाऊन येतो," एवढंच म्हणायचे. भावाला कधीच आवड नव्हती. मी शाळेत असल्यापासून त्यांच्या मागे. आईला कधी नेलं नाही. म्हणजे न्यायचं नाही असं ठरवलेलं नव्हतं — ती घर आवरायची, कारखाना धुऊन काढायची, आणि आम्ही परत आलो की गरम पाणी तयार ठेवायची. असंच चालत आलं.

आम्ही बऱ्याच ठिकाणी फिरलो, पण बाबांची लाडकी जागा एकच. पेण तालुका संपून रोहा सुरू होतो, तिथल्या डोंगररांगेत. पायथ्याला ठाकर आदिवासींची छोटी वाडी आहे. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी रील काढणारे पोचतील. वाडीपासून ओढ्याच्या कडेने चढत जायचं, मग कारवीचं दाट रान, मग एक उघडी खिंड. खिंडीत फॉरेस्टचा हद्दीचा दगड आहे. बाबा त्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहायचे आणि म्हणायचे, "एक पाय पेणात, एक पाय रोह्यात."

खिंडीसमोर खोल दरी आणि दरीपलीकडे काळा सरळसोट कडा. वाडीतले लोक त्याला बोलता कडा म्हणतात, कारण हाक मारली की तो परत देतो. पूर्ण नाही, शेवट तेवढा. 'काळूराम' म्हणून ओरडलात की 'राम' ऐकू येतं. काळूराम म्हणजे वाडीतले बाबांचे दोस्त. पावसानंतर वाट झाकली जाते, त्यामुळे ते कोयता घेऊन पुढे असायचेच.

तर त्या खिंडीत बाबा दर वेळी एकच हाक मारायचे. तोंडाभोवती दोन्ही हात धरून, पोटातून — "इंदूऽऽ!"

कडा म्हणायचा, "...दूऽऽ."

इंदू म्हणजे माझी आई.

घरात बाबांनी तिला नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. 'अगं', 'ऐकलंस का', नाहीतर नुसतं खाकरणं. मी एकदा विचारलं होतं, "बाबा, घरी का नाही अशी हाक मारत?" तर लाजले. चक्क लाजले. म्हणाले, "घरात सगळे बघतात गो. इथं कोण बघतंय?" काळूराम गालात हसले होते.

ही गोष्ट मी आईला कधी सांगितली नाही. ते बाबांचं आणि डोंगराचं काहीतरी होतं, आपण मध्ये कशाला पडायचं, असं वाटायचं.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. भर सीझनमध्ये, दुपारी कारखान्यातच. छातीत दुखतंय म्हणाले आणि हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आईने त्या वर्षी ब्रश हातात घेतला नाही. पुढच्या वर्षीही नाही. भाऊ-वहिनी जिवापाड करायचे तिचं, पण ती ओटीवर बसून राहायची. रडायची नाही, तक्रार नाही. विचारलं तर उत्तर द्यायची. स्वतःहून मात्र बोलणं बंद.

बाबा गेले त्या वर्षी मी डोंगराचं नाव काढलं नाही. गेल्या दिवाळीनंतर एक सुट्टी मिळाली तेव्हा एकटीच वाडीत गेले. काळूराम अंगणातच भेटले. काही न विचारता त्यांनी कोयता उचलला.

सकाळची वेळ होती. स्वच्छ ऊन. कारवीच्या रानातून वर आलो, तेव्हा काळूराम वाटेवरची आडवी फांदी तोडायला मागे थांबले आणि मी एकटी खिंडीत पोचले. वारा नव्हता. गवत पिवळं पडलं होतं, त्यावर चतुर उडत होते. हद्दीच्या दगडाशी उभी राहिले. हाक मारावी असं वाटत होतं, पण काय मारणार? तशीच गप्प उभी होते.

आणि समोरून आवाज आला.

"इंदूऽऽ!"

पूर्ण. 'दू' नाही — इंदू. बाबांच्या आवाजात. लांबवलेला ऊ, शेवटी किंचित वर जाणारा, अगदी तसाच. अंगावर काटा आला वगैरे लिहायला हवं, पण तसं काही झालं नाही. मला भीती वाटलीच नाही. मी फक्त कड्याकडे बघत राहिले, आणि मनात एकच... अजून एकदा. अजून एकदाच.

आला. पुन्हा तसाच. त्यानंतर सगळं शांत.

मला भास झाला असेल, असं मीच म्हटलं असतं. पण मागून काळूराम धापा टाकत वर आले. म्हणाले, "ताई, वयनीपन आल्यात काय? त्यांना कोन हाक मारतो?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला आणि खाली बसले.

मी थेट हमरापूर गाठलं. आईला सांगायचं की नाही, हे रस्ताभर ठरत नव्हतं. ती नेहमीसारखी ओटीवर होती. मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं. बाबा तिथे काय करायचे तेही, आणि आज काय झालं तेही.

आईने माझ्याकडे रोखून बघितलं.

"चेष्टा करतेस काय गो माझी?"

"नाही गं आई."

"माझं नाव घ्यायचे? ते?"

"दर वेळी."

"मोठ्यानं?"

"अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं."

तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. पण ती हसत होती — आणि मग रडली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा. डोळे पुसून म्हणाली, "मला घेऊन चल तिकडं."

भाऊ चिडला. "ताई, तिचे गुडघे बघितलेस का? साधा जिना चढवत नाय तिला." त्याचं बरोबरच होतं. मीही आईला समजावलं, उन्हाळ्यात बघू, डॉक्टरांना विचारू. आई म्हणाली, "एवढी वर्षं घरी बसून पानीच तापवलं ना मी? आता मला जाऊ दे."

जानेवारीत गेलो. वहिनीचे स्पोर्ट्स शूज, नऊवारीचा काष्टा घट्ट आवळलेला, काळूरामांनी तोडून दिलेली काठी. मी एकटी जाते त्याच्या तिप्पट वेळ लागला असेल. ओढ्यापाशी बसलो, कारवीत बसलो, दर वळणावर बसलो. एका ठिकाणी तिचा गुडघा असा धरला की मी म्हटलं, आई, परत फिरू. तिने काठी टेकली आणि उठली.

खिंडीत आल्यावर तिचं पहिलं लक्ष कड्याकडे गेलंच नाही. ती मागे वळून पश्चिमेकडे बघत होती. लांबवर खाडी चकाकत होती आणि तिच्या कडेला मिठागरांचे चौकोन. आई मिठागरवाल्यांच्या घरातली. तिचं माहेर त्या खाडीलाच.

"ते माझं माहेर ना गो?"

"हो. त्याच बाजूला."

"एवढ्या वरून माझं माहेर दिसतं..." ती हळूच म्हणाली, "आनि मला कोन बोललं नाय."

मग आम्ही वाट बघत बसलो. ऊन चढलं. कडा गप्प. एक घार फिरत होती. काळूराम तंबाखू मळत होते आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते. मला तर तोंड लपवावंसं वाटायला लागलं. म्हातारीला आशा लावून इथवर आणलं आणि आता रिकाम्या हाताने खाली न्यायचं.

आईनेच विचारलं, "कुठं उभे राहायचे ते?"

मी दगड दाखवला. ती तिथे जाऊन उभी राहिली. पायांनी जमिनीचा अंदाज घेतला. मग एकदम, लाजत, बारीक आवाजात ओरडली —

"अहोऽऽ!"

कडा म्हणाला, "...होऽऽ."

आम्ही तिघंही हसलो. तो तिचाच आवाज होता, साधा प्रतिध्वनी. पण कानाला ते 'हो'च ऐकू आलं ना! आई पोरीसारखी टाळी वाजवून हसली. मग गंभीर झाली. म्हणाली, "काळूभावजी, जरा तिकडं तोंड करा."

काळूरामांनी पाठ फिरवली. आईने तोंडाभोवती दोन्ही हात धरले — तसे धरायचे हे मी तिला सांगितलं नव्हतं — आणि आयुष्यात पहिल्यांदा, उखाण्याशिवाय, नवऱ्याचं नाव घेतलं.

"मधुकऽऽर!"

केवढा आवाज! मला माहीतच नव्हतं हिच्यात एवढा आवाज आहे.

आणि परत काही आलं नाही.

'कर' नाही, 'र' नाही, काहीच नाही. काळूराम गर्रकन वळले. मी न राहवून ओरडले, "ओऽऽ!" माझी हाक लगेच परत आली, नेहमीसारखी. तीच जागा, तीच हवा.

"आई, पुन्हा मार ना हाक."

"नको," आई म्हणाली. तिचा चेहरा मी कसा सांगू... कुणीतरी अंगावरचं ओझं उतरवून घेतल्यासारखा. "पोचली ती. पोचलेली हाक परत कशाला येईल?"

उतरताना ती माझा हात न धरता चालली. यंदा ती पुन्हा रंगकामाला बसायला लागली आहे. पुन्हा येतेस का विचारलं, तर म्हणते, "माझं काम झालं गो."

फिजिक्स शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला मी सगळं सांगितलं. ती वाऱ्याची दिशा, आवाजाची पट्टी, हवेतला दमटपणा असं बरंच बोलली. मी म्हटलं, मग तिचंच 'अहो' क्षणापूर्वी परत कसं आलं? आणि त्या आधीची हाक, जी कुणी मारलीच नव्हती, ती काळूरामांना कशी ऐकू आली? त्यावर ती म्हणाली, नाही बाई सांगता येत. मलाही येत नाही. कुणाला सुचत असेल तर खरंच लिहा.

मी अजूनही जाते. हद्दीच्या दगडाशी उभी राहते, गप्प वाट बघते. काही येत नाही. मग तोंडाभोवती हात धरून ओरडते, "बाबाऽऽ!"

"...बाऽऽ," कडा म्हणतो. लगेच. माझ्याच आवाजात.

एकदा तरी माझी हाक परत येऊ नये, एवढंच वाटतं.