दादांच्या समाधीवरचं तोंड

आमच्या वडिलांच्या समाधीवर जे तोंड कोरलेलं आहे, ते माझं आहे.

तोंड म्हणजे अख्खा चेहरा नव्हे. कपाळ, डोळे, नाक आणि कान दादांचेच. फेटा फोटोवाल्याच्या कॉम्प्युटरमधला. फक्त नाकाखाली आणि हनुवटीच्या वर जी घट्ट मिटलेल्या ओठांची रेघ आहे, तेवढी माझी. (कोट कुणाचा, हे शेवटपर्यंत कळलं नाही.) पडेगावला जाऊन समाधी पाहून आलेले लोक मला हळूच विचारतात, तुमचे वडील फार कडक होते का हो? नव्हते. कडक होता तो त्यांच्या मुलांचा विचार.

दादा हसरे होते. ती दुष्काळाची लागोपाठची वर्षं. आमच्या शेताला तीन बाजूंनी प्लॉटिंगच्या दगडांनी वेढलं होतं आणि चौथ्या बाजूला दौलताबादचा रस्ता होता. आमच्या विहिरीच्या तळाला भेगा पडल्या होत्या, आणि शेजारच्या उघड्या माळावर 'स्विमिंग पूलसह आलिशान बंगले' अशी भलीमोठी पाटी लागली होती. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ती पाटी मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि हसायचे. त्यांचे समोरचे दोन दात तरुणपणी बैलाच्या शिंगानं पडले होते. दात बसवून घ्या म्हटलं, की म्हणायचे, "खायाला बाकीचे हायत की." त्यामुळं ते हसले की मधोमध एक काळं दार उघडल्यासारखं दिसायचं. त्या दारात आम्ही दोघं भाऊ आणि अर्धं पडेगाव लहानाचं मोठं झालं.

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी दादा गेले. अग्नी शेतातच दिला, बांधावरच्या लिंबाखाली. आमच्याकडं अशा जागी छोटीशी समाधी बांधायची पद्धत आहे. हल्ली तिला काळ्या ग्रॅनाइटचा उभा दगड लावतात आणि दगडावर फोटो कोरून घेतात. वर्षश्राद्धाच्या आत ते काम उरकायचं ठरलं.

मायचं म्हणणं एवढंच होतं, की फोटोत माणूस ओळखू यावा. तिचं कारण साधं होतं. लग्न होऊन आल्यापासून ती रोज चारच्या सुमाराला बांधावर चहा घेऊन जायची आणि दादांशेजारी बसून घटकाभर बोलायची. दादा गेल्यावरही तिनं ते सोडलं नव्हतं. राखेच्या जागी एक साधा धोंडा ठेवला होता, त्याच्याशेजारी बसायची, बोलायची, चहा पिऊन परत यायची. "वळखू आले म्हंजे झालं," ती म्हणाली. "मला तिथं बसायचं असतं."

आम्ही फोटो शोधायला बसलो आणि लक्षात आलं, की या माणसाला फोटोच नाही.

तसे भावकीतल्या प्रत्येक लग्नाच्या अल्बममध्ये दादा आहेत. पण वरणाच्या बादलीसह, पंगतीत वाकलेले आणि पाठमोरे. एका फोटोत त्यांचा उजवा कान फार सुंदर आला होता. स्वतःच्या लग्नाच्या फोटोत मुंडावळ्या आहेत आणि त्यांच्यामागं कुणीतरी असावं असं वाटतं. मतदार ओळखपत्रावरचा फोटो असा, की तो खुद्द दादांनाही पटत नसे.

उरला एकच. माझे थोरले भाऊ अण्णा यांनी मोबाइलवर काढलेला. बऱ्याच दिवसांनी टँकर आला होता आणि त्यावर एका पुढाऱ्याचा इतका मोठा फोटो लावला होता, की टाकी त्याच्यामागं शोधावी लागत होती. दादा पालथ्या ड्रमवर बसून म्हणाले, "पान्यापरीस ह्येंचंच वजन जास्त भरंल," आणि हसले. त्याच क्षणी अण्णांनी फोटो काढला. डोळे मिटत आलेले, मान मागं, दोन्ही दातांची गैरहजेरी स्पष्ट.

मायनं त्या फोटोची छापून आणलेली प्रत हातात घेतली आणि म्हणाली, "हे काय, हे हायत की." तिच्यापुरता प्रश्न संपला होता.

आमच्यापुरता सुरू झाला. अण्णांची भीती व्यवहारी होती. समाधीला पाहुणे येणार, वॉर्डातली वजनदार माणसं येणार, आणि ती म्हणणार, दोन्ही पोरं नोकरीला लागली पण बापाला दात बसवले नाहीत. मला या असल्या थाटामाटाची चीड. फेट्याला मी विरोध केला, कोटाला केला, पुढाऱ्याला बोलवायला तर कडाडून केला. (तिन्ही ठिकाणी हरलो.) पण तोंडाच्या मुद्द्यावर मी अण्णांच्या बाजूनं गेलो आणि नुसता गेलो नाही, तर व्याख्यान दिलं. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळं मला बोलताना कुणी मधे अडवत नाही. म्हटलं, दगड शेकडो वर्षं राहतो. दगडावरचा चेहरा गंभीर हवा, काळापलीकडं बघणारा. आणि वेरूळचा दाखला दिला. (वेरूळला मी दर वर्षी विद्यार्थ्यांची सहल नेतो. तिथल्या कितीतरी मूर्ती गालात हसतायत, हे पुढच्या सहलीत दिसलं. पण तोवर दगड बसला होता.)

माय म्हणाली, "तुमी शिकल्याली मानसं. बघा काय करायचं ते." हे वाक्य तिनं आयुष्यात फार थोड्या वेळा म्हटलं आहे, आणि त्यातल्या प्रत्येक वेळी आम्ही तोंडावर पडलो आहोत.

शहरात औरंगपुऱ्यातल्या एका बोळात बब्बूभाईंचं दुकान. खाली दगडावर फोटो कोरायचं मशीन, वर कॉम्प्युटर, आणि भिंतीवर नमुन्यादाखल लावलेली माणसं. सगळ्यांच्या अंगात तोच कोट, गळ्यात तोच टाय. मेल्यावर सगळे सारखे होतात, हे निदान कपड्यांच्या बाबतीत त्या भिंतीवर सिद्ध झालं होतं. बब्बूभाई उत्साही माणूस. आमची अडचण ऐकून म्हणाले, "फिकर नक्को करो साब. दात होना तो दात लगातूँ, मूँह बंद होना तो बंद करतूँ."

आधी दात लावून बघितले. कॉम्प्युटरमधले दात होते ते, पांढरेशुभ्र, एका ओळीत. दादा एकदम टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या नटासारखे दिसायला लागले, आणि तोही दुष्काळी भागात शूटिंगला आलेला. अण्णांनाही ते सोसवेना. मग तोंड मिटवायचं ठरलं. पण मिटलेलं तोंड आणायचं कुठून? दादांचं मिटलेलं तोंड जगात कुठंच उपलब्ध नव्हतं.

"घरवालों में से किसीका चलेगा," बब्बूभाई म्हणाले आणि त्यांनी आम्हा दोघांना न्याहाळलं. अण्णा तेव्हा फेट्याच्या तुऱ्याबद्दल बोलत होते. अण्णांचं तोंड मिटेपर्यंत थांबायचं, तर वर्षश्राद्ध टळून गेलं असतं. बब्बूभाई माझ्याकडं वळले. "प्रोफेसर साब का मूँह एकदम रेडी है."

मला स्टुलावर बसवून फोटो काढला. खरं सांगायचं, तर मला बरं वाटलं. बापाच्या कामाला आपला एखादा अवयव येणं ही काही लहान गोष्ट नाही. स्क्रीनवर बब्बूभाईंनी माझे ओठ उचलून दादांच्या चेहऱ्यावर ठेवले, कडा सारख्या केल्या, मिटत आलेले डोळे थोडे उघडले, मान सरळ केली, फेटा चढवला. (त्यांच्याकडं फेट्याबरोबर कोट येतोच.) समोर एक भारदस्त, करारी, काळापलीकडं बघणारे गृहस्थ तयार झाले. अण्णा म्हणाले, "आता कसं!" मी म्हटलं, "हं." आम्हा दोघांपैकी कुणालाही ते आपले वडील वाटले नाहीत, पण ते सांगायचं कुणी, यात दुकान बंद व्हायची वेळ झाली.

वर्षश्राद्धाला मांडव पडला. टँकरवर ज्यांचा फोटो होता, तेच पुढारी आले. (पाणी त्यांच्याआधी संपलं होतं.) त्यांनी दगडावरचं कापड ओढलं आणि म्हणाले, "दादा जणू आत्ता बोलतील!" दगडावरचे गृहस्थ कुणाशीही बोलतील असे दिसत नव्हते.

टाळ्या थांबल्या आणि दोन गोष्टी झाल्या. दादांची थोरली बहीण, आमची आत्या, पुढं आली, तिनं दगडाकडं बघितलं, "आबा!" असा हंबरडा फोडला आणि लोटांगण घातलं. आणि मायनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, दोन पावलं मागं सरली आणि बाजूला मान खाली घालून उभी राहिली. लोक म्हणाले, बाईला फार लागलं.

पाहुणे गेल्यावरही ती उभीच. चारची वेळ झाली होती, चहाचा तांब्या हातात होता. म्हटलं, "माय, बस की."

"कशी बसू?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "मामंजी हायत."

आबा म्हणजे आमचे आजोबा, मायचे सासरे. आम्ही फार लहान असताना गेले, आणि त्यांचा एकही फोटो नव्हता. त्यामुळं त्यांचा चेहरा फक्त दोघींना माहीत होता, लेकीला आणि सुनेला. आबांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. ते अंगणात आले की माय उठून उभी राहायची. अंथरुणाला खिळल्यावर नुसते खोकले, तरी आतल्या खोलीत उभी राहायची. सासऱ्यासमोर सून बसत नाही. त्यांच्याशी तर ती कधी बोललीच नव्हती. गरज पडली तर भिंतीकडं तोंड करून सांगायची.

म्हणजे आबांचे ओठ एक पिढी टाकून माझ्याकडं आले होते, आणि मी ते औरंगपुऱ्यात नेऊन दादांना लावले होते. दादांच्या घरात ज्या एकाच माणसापुढं मायला बसता येत नव्हतं, त्याला आम्ही तिच्या बसण्याच्या जागी कायमचा आणून बसवला होता. फेट्यासकट.

अण्णा रडकुंडीला आले. म्हणाले, उद्याच दगड बदलू, तोच हसरा फोटो लावू. मायनं ऐकून घेतलं आणि दगडाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "पूजा झाली की रं आता. मानसाला बसवून परत उठवायचं? त्येंच्या नावाचं कुटं काय नव्हतंच. बसले तर बसले."

दगडावर खाली नाव दादांचं, वर आबा. आम्ही दोघं भाऊ घरी आलो.

काही दिवस माय उभ्यानंच चहा पीत होती. तिचे गुडघे दुखायला लागले. मग एका दुपारी मी गेलो तर बांधावर ती दिसेना. जवळ जाऊन पाहिलं, तर दगडाच्या मागच्या बाजूला, पाठीला पाठ लावून बसली होती आणि हळूहळू काहीतरी सांगत होती. मागच्या कोऱ्या ग्रॅनाइटला तिनं तो टँकरचा फोटो प्लास्टिकमध्ये घालून चिकटवला होता. "हिकडं ये," ती म्हणाली. "हिकडून त्येन्ला दिसत नाय."

पण आमच्याकडचं ऊन ते ऊन. दोन उन्हाळ्यांत फोटो विटला. आधी ड्रम गेला, मग सदरा गेला, मग गाल आणि डोळे. आता पांढऱ्या कागदावर मधोमध फक्त एक काळा डाग उरला आहे: दोन दात नसलेलं, हसणारं तोंड. आम्ही जे बुजवायला निघालो होतो, तेवढंच राहिलं. नवी प्रत काढायची तर अण्णांचा तो मोबाइल केव्हाच बिघडून गेला. बब्बूभाईंनी कॉम्प्युटर धुंडाळला. त्यांच्याकडं तोंड मिटलेले दादा जपून ठेवलेले होते, फेट्यासह. मूळ फोटोवरच त्यांनी दुरुस्ती केली होती. "अच्छावाला है साब," ते म्हणाले. "खराबवाला कौन रखता?"

तेव्हापासून मी दर रविवारी चारला पडेगावला जातो आणि दगडामागं मायशेजारी बसतो. पहिल्याच दिवशी तिनं मला बजावलं, "असा मिटून नको बसू रं बापू, मला उटावं लागंल. जरा हस. उघडलं की थोडं त्येंच्यावानी दिसतंय." त्यामुळं शहरातल्या क्रांती चौकाच्या सिग्नलपासूनच मी सराव करत जातो. इतिहासाचा एक प्राध्यापक स्कूटरवर एकटाच दात काढत जाताना दिसतो, याबद्दल कॉलेजात काय बोलतात, ते मला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यापासून माझा समोरचा एक दात हलतोय. दाताचे डॉक्टर म्हणाले, काढून लगेच नवा बसवू, तुम्ही चारचौघांत वावरणारे, बरं दिसत नाही. मी त्यांना म्हटलं, काढा, पण बसवू नका. बरं दिसण्याचा एक प्रयोग आमच्या घरात होऊन गेलाय.